उबंटूवर नोटपॅड++ : कोणतं घ्यावं

सांगलीतल्या डीटीपी सेंटरच्या संगणकांवर उबंटू २४.०४ (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) आहे, नोटपॅड++ (मजकूर संपादनाचं सॉफ्टवेअर) कुठून आणू, असं एकानं विचारलंय. ते विंडोजच्या विन३२ एपीआयवर (प्रोग्रॅमना विंडोजच्या सोयी वापरू देणारा संच) थेट लिहिलेलं आहे, म्हणून अधिकृत लिनक्स आवृत्ती नाही. स्नॅपमधलं (उबंटूची ॲप बसवण्याची व्यवस्था) पॅकेज म्हणजे वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालणारं विंडोजचंच नोटपॅड++. पेनड्राइव्हवरची फाइल त्यात दिसली नाही, तर स्नॅपला रिमूव्हेबल मीडियाची परवानगी द्या.

माझ्या मते नोटपॅड नेक्स्ट बरं. ते नोटपॅड++सारखंच, पण क्यूटी (प्रोग्रॅम बनवण्याची साधनं) वापरून नव्यानं लिहिलंय; संपादनाचा गाभा मात्र नोटपॅड++चाच, सिंटिला. त्याची ॲपइमेज (न बसवता चालणारी एकाच फाइलमधली आवृत्ती) उतरवा, प्रॉपर्टीजमध्ये चालवण्याची परवानगी द्या. डबल-क्लिक करूनही काहीच होत नसेल, तर बहुतेक लिबफ्यूज२ (ॲपइमेज चालायला लागणारं पॅकेज) बसवलेलं नसतं, २४.०४ वर त्या पॅकेजच्या नावाला शेवटी टी६४ जोडलेलं आहे. नोटपॅड++च्या विंडोजसाठीच्या डीएलएल प्लगिन (जोड-सुविधा) मात्र इथे चालत नाहीत. नोटपॅडक्यूक्यू (लिनक्सवरचं असंच आणखी एक सॉफ्टवेअर) नव्यानं बसवू नका, त्याची देखभाल थांबली आहे.

आणि मराठी फाइलींचं. चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट नाही, लोहित देवनागरी बसवा. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातला आहे. एनकोडिंग (फाइलमध्ये अक्षरं साठवण्याची पद्धत) बदलून तो सुधारत नाही, आधी कन्व्हर्टरनं युनिकोड करा आणि मूळ फाइल जपून ठेवा.