जपान एकीकडे २२वा, दुसरीकडे १२५वा: धरायचा कोणता?

(तळटीप, दशांश आणि गुणोत्तर ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप:
स्त्री-पुरुष समानतेचा देशवार तक्ता करतेय. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२३च्या अहवालात जपान १४६ देशांत १२५वा. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या लिंगभाव असमानता निर्देशांकात (२०२२) मात्र २२वा. बांगलादेशाचं नेमकं उलटं: मंचाकडे ५९वा, इकडे १३१वा. दोन्हींची सरासरी काढली तर चालेल का?

दशांश:
अजिबात नको. मंचाच्या गुणांकात १ म्हणजे पूर्ण समानता, दुसऱ्या निर्देशांकात ०. गुणांकांच्या दिशाच उलट्या.

मोजतातही वेगळंच. मंच फक्त दरी बघतो: स्त्रियांचा आकडा भागिले पुरुषांचा. देश गरीब की श्रीमंत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसऱ्या निर्देशांकात मातामृत्यू आणि किशोरवयीन मुलींची बाळंतपणं धरतात. जपानमध्ये दोन्ही अगदी कमी, म्हणून तिथे तो वर. मंचाच्या गुणांकात मातामृत्यू येतच नाही!

बांगलादेशाचं कोडं मंचाच्या राजकारण या घटकात आहे. गेल्या ५० वर्षांत सर्वोच्च पदावर स्त्री किती वर्षं होती, याला मंच त्या घटकात ०.४४३ वजन देतो. खालिदा झिया आणि शेख हसीना यांची पंतप्रधानपदाची वर्षं मोजा. सामान्य बाईच्या हाती काय आलं, हे त्यातून कळत नाही.

गुणोत्तर:
भर घालतो. तक्ता स्वतः करताना खासदारांपाशी हमखास चूक होते. २०२४च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. गुणोत्तर ७४/४६९ = ०.१५८; ७४/५४३ = ०.१३६ नव्हे. शिवाय मंच कनिष्ठ सभागृहच घेतो, विकास कार्यक्रम दोन्ही मिळून. जपानच्या वरच्या सभागृहात स्त्रियांचं प्रमाण बरंच जास्त आहे, तिथेही फरक पडतो.

गुणोत्तर १च्या वर गेलं की मंच ते १वरच कापतो, म्हणजे मुली कॉलेजात मुलांपेक्षा जास्त असल्या तरी जादा गुण नाहीत. मंचाच्या आरोग्य या घटकाचा हिशेब निराळा: जन्मवेळच्या लिंगगुणोत्तराला मर्यादा ०.९४४ची, निरोगी आयुर्मानाला १.०६ची, वजनं ०.६९३ आणि ०.३०७. गुणून बेरीज करा, कमाल ०.९८च येते. तिथे १ कोणालाच मिळत नाही.

तळटीप:
खासदारांचं मी ५४३नेच भागलं होतं. आणि २००६पासूनचा आलेख काढायचा असेल तर?

दशांश:
मंचाचे गुणांक घ्या, क्रमांक नको. २००६ला ११५ देश होते, २०२३ला १४६. नुसते नवे देश वर आले तरी क्रमांक घसरतो. दोन्ही वर्षांत असलेलेच देश ठेवा. विकास कार्यक्रमाच्या जुन्या अहवालांतले आकडे जोडत बसू नका. ते मागची वर्षंही नव्याने मोजतात, तेव्हा ताज्या फाईलमधूनच अख्खी मालिका उचला.