तह, शस्त्रसंधी की नुसती समजूत?

प्रश्न : ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धावर (१७४०-४८) मराठीत लिहितोय. क्लाइन-श्नेलेनडॉर्फ, ब्रेस्लाऊ, बर्लिन, ड्रेस्डेन, एक्स-ला-शापेल या सगळ्यांना सरसकट तह म्हटलं तर चालेल का?

उत्तर : माझ्या मते नाही चालणार. तह म्हणजे बोलणी पुरी झाली, कलमं ठरली, मुलूख कोणाचा ते लिहून झालं. क्लाइन-श्नेलेनडॉर्फला ऑक्टोबर १७४१ मध्ये तसं काहीच झालं नव्हतं, प्रशियाचा फ्रेडरिक आणि ऑस्ट्रियाचा सेनापती नाइपर्ग यांच्यात गुपचूप ठरलं की ऑस्ट्रियाचं सैन्य सुखरूप मोरावियात निघून जाईल आणि त्याबदल्यात नाइसचा किल्ला थोडे दिवस लुटुपुटूच्या वेढ्यानंतर प्रशियाला मिळेल, आणि बाकी जगाला, खास करून फ्रेडरिकचा दोस्त असलेल्या फ्रान्सला, लढाई चालूच आहे असं दिसत राहील. याला गुप्त समजूत म्हणा, फार तर गुप्त शस्त्रसंधी. वर्ष संपायच्या आत फ्रेडरिकने ती मोडलीसुद्धा, त्यामुळे तह लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसाने तेव्हाच सायलेशिया (ज्यावरून भांडण होतं तो तिचा प्रांत) सोडला, आणि ते साफ चूक आहे.

ब्रेस्लाऊला जून १७४२ मध्ये फक्त प्राथमिक कलमं ठरली, मी त्याला कच्चा तह म्हणेन, आणि जुलैत बर्लिनला झाला तो पक्का तह, बहुतेक सगळा सायलेशिया प्रशियाला गेला तो त्यात. ड्रेस्डेन (२५ डिसेंबर १७४५) तर निखळ तह, सायलेशिया पुन्हा प्रशियाचाच ठरला आणि फ्रेडरिकने मारिया थेरेसाच्या नवऱ्याला, फ्रान्सिसला, पवित्र रोमन सम्राट मानलं.

प्रश्न : आणि एक्स-ला-शापेल? तिथे सगळं "जैसे थे" झालं असं लिहू का?

उत्तर : अर्धंच खरं आहे ते. फ्रान्सने फाँतन्वाची लढाई जिंकून ऑस्ट्रियाच्या नेदरलँड्समधला (म्हणजे साधारण आजच्या बेल्जियममधला) एवढा मुलूख घेतला होता तो सगळा १७४८ मध्ये परत दिला, आपल्याकडचं मद्रासही इंग्रजांना परत मिळालं आणि अमेरिकेतलं लुईबूर्ग फ्रान्सला, इथपर्यंत जैसे थे म्हणा खुशाल. पॅरिसमध्ये लोक तेव्हा "तहासारखा मूर्ख" असं म्हणायला लागले ते याच रागातून, आणि ज्यांची माणसं त्या लढायांत मेली त्यांना राग येणारच. पण सायलेशिया प्रशियाकडेच राहिला, पार्मा स्पॅनिश राजपुत्र फिलिपला मिळालं, ते कसलं जैसे थे?

सलोखा हा शब्द मात्र इथे अजिबात नको. सायलेशिया गेल्याचं मारिया थेरेसा विसरली नाही आणि १७५६ ला पुन्हा युद्ध पेटलं.