जमिनीच्या वादात शेवटचा निकाल मंत्र्यांनी द्यावा का?

मूळ मांडणी (केज तालुका, जि. बीड)

आमच्या आठ एकरांच्या वारस फेरफाराचा वाद तलाठी सज्जातून निघाला आणि मंडळ अधिकारी, उपविभागीय अधिकारी, अपर जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त असे टप्पे चढत अकरा वर्षांनी पुनरीक्षणासाठी, म्हणजे आधीच्या आदेशाच्या फेरतपासणीसाठी, महसूल मंत्र्यांपुढे गेला. सातबारा, फेरफाराच्या नकला आणि 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक (जमीन कोणाच्या नावे, याची जुनी नोंद) लाल फडक्यात बांधून वडील रात्रीच्या एसटीने मुंबईला जात, दिवसभर दालनाबाहेर बसत आणि मंत्री अधिवेशनात असल्याने पुढची तारीख घेऊन परत येत. असे पाच वेळा झाले. मंत्री अधिवेशनात असणे हे त्यांचे कामच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी मूळ आदेश दिला, त्याच खात्याच्या प्रमुखाने त्या आदेशाचा न्याय का करावा, एवढेच मला विचारायचे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 50 मध्ये न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करण्याचे निर्देश आहेत. ते जमिनीच्या दाव्यांना लागू होऊ नयेत का? तहसीलदारापासून मंत्र्यांपर्यंतचे सर्व निवाड्याचे अधिकार काढून न्यायाधीशांकडे द्यावेत, असे माझे मत आहे.

उत्तर (निवृत्त नायब तहसीलदार, परभणी)

आपल्या वडिलांनी सोसले ते वाईटच, परंतु आपला उपाय शेतकऱ्याला अधिक महागात पडेल. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली रस्ता अडवल्याचा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे दाखल करता येतो, त्यासाठी वकील लावावाच लागत नाही, आणि तहसीलदार स्वतः बांधावर येऊन उभा राहतो. एका स्थळपाहणीत वाटेवर आडव्या टाकलेल्या बाभळीच्या फांद्या अजून ओल्या होत्या. अडवणारा म्हणत होता की ही वाट दहा वर्षांपासून बंदच आहे, पण फांद्यांखालच्या काळ्या मातीत बैलगाडीची चाकोरी स्पष्ट दिसत होती, त्यामुळे पंचनामा तिथेच पूर्ण झाला आणि पेरणीआधी गाडी शेतात गेली. दिवाणी न्यायालयात असा दावा किती पावसाळे चालतो, हे गावागावांत ठाऊक आहे.

दुसरे असे की फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. मालकी ठरवायला दिवाणी न्यायालय उघडे आहे.

उत्तर (वकील, लातूर)

नायब तहसीलदार साहेबांचे तळाच्या पातळीविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्या बाबतीत मूळ मांडणी करणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र नोंद केवळ गृहीतक असते हे कागदावर खरे असले तरी पीककर्ज, पीकविमा आणि भूसंपादनाचा मोबदला याच नोंदीवर मिळतो, म्हणून तिच्याबाबतचा शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न लहान नाही. तो मंत्र्यांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाचा असावा, असे मला वाटते.

फ्रान्सचे उदाहरण इथे नेमके लागू पडते. क्रांतीनंतर तेथे 1790 च्या कायद्याने सामान्य न्यायालयांना प्रशासनाच्या कारभारात हात घालण्यास बंदी केली आणि त्यामुळे शासनाविरुद्धच्या तक्रारी आधी त्या त्या मंत्र्याकडे जाऊ लागल्या. तेथील कायदेपंडित या स्थितीला ‘मंत्री-न्यायाधीश’ असेच म्हणत. मार्सेय शहराच्या रस्ते व पाणी विभागाचे अभियंता कादो यांचे पद रद्द झाले, त्यांनी भरपाई मागितली आणि गृहमंत्र्यांनी ती नाकारली. तेव्हा 13 डिसेंबर 1889 च्या निर्णयाने ‘कोंसेय देता’ या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने अशी तक्रार थेट आपल्याकडे आणता येईल असे ठरवले आणि मंत्र्याचे न्यायासन संपले. पुढे 1953 मध्ये प्रादेशिक प्रशासकीय न्यायालये आणि 1987 च्या कायद्याने अपिलाची न्यायालये आली. ती सामान्य न्यायालयांपासून वेगळी आहेत आणि मंत्र्यांपासूनही. जर्मनीतही प्रशासकीय न्यायालयांची उतरंड स्वतंत्र असून तिचे शेवटचे न्यायालय लाइपझिगला आहे.

आपल्याच मातीतले सांगायचे तर मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना, 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, निजामाच्या फर्मानाने न्याय आणि महसूल-कारभार वेगळे झाले होते. ब्रिटिश मुलखातले जिल्हाधिकारी त्या वेळी फौजदारी खटलेही चालवत होते.

उत्तर (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, हिंगोली)

वकील साहेब, मंत्री विधानसभेला उत्तरदायी असतो, न्यायाधिकरणाचा सदस्य कोणालाच नसतो. अमेरिकेच्या अनेक राज्यांत न्यायाधीश निवडणुकीने येतात, तेव्हा लोकांनी निवडलेल्याने निवाडा करणे म्हणजे अधर्म, असे म्हणता येणार नाही. मंत्र्यांचा आदेश चुकला तर अनुच्छेद 226 आणि 227 मधील रिट व देखरेखीच्या अधिकारांखाली मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहेच. नवे न्यायाधिकरण काढले आणि त्यावर माणसेच नेमली नाहीत, तर शेतकऱ्याने दाद मागायची कुठे?

उत्तर (वकील, लातूर)

नेमणुका रखडण्याची आपली भीती रास्त आहे आणि तिचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. निवडणुकीची तुलना मात्र मला पटत नाही. अमेरिकेतला निवडून आलेला न्यायाधीश पदावर असताना न्यायदानच करतो. पक्षकार असलेले खाते तो चालवत नाही, त्याचे अंदाजपत्रक मांडत नाही, त्यातल्या अधिकाऱ्यांच्या बदल्या करत नाही. इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर मंत्रिमंडळात बसे, लॉर्ड्स सभागृहाचे अध्यक्षपद भूषवी आणि न्यायसंस्थेचा प्रमुखही असे. ही शतकांची परंपरा त्यांनी 2005 च्या कायद्याने मोडली आणि 1 ऑक्टोबर 2009 पासून सर्वोच्च न्यायालय संसदेबाहेर नेले. खंडपीठाचे म्हणाल, तर रिट अधिकारात ते सहसा पुरावा नव्याने तपासत नाही, अधिकारकक्षा आणि प्रक्रिया पाहते. खासरा पत्रकातले नाव कोणाचे, हे बारकाईने वाचणारा शेवटचा माणूस त्यामुळे मंत्रीच उरतो.

उत्तर (नायब तहसीलदार, परभणी)

एवढे मी मान्य करतो. माझ्या नोकरीत फेरचौकशीसाठी परत आलेल्या संचिका मी पाहिल्या, त्यांत वरच्या आदेशाला दोन ओळींपेक्षा जास्त कारणे क्वचितच असत. मात्र नवे पीठ बसवायचे असेल तर त्यावर महसुलाची जाण असलेला एक सदस्य हवाच, कारण गटफोड, पोटहिस्सा आणि टिपण हे शब्द पुस्तकातून कळत नाहीत.

मूळ मांडणी करणारा

तहसीलदाराकडचे रस्त्याचे दावे काढून घ्यावेत, हे माझे म्हणणे मी मागे घेतो. ओल्या फांद्यांची गोष्ट मला पटली. विद्यार्थिनी ताईंचा उत्तरदायित्वाचा मुद्दा मात्र मला पटत नाही: विधानसभेत मंत्र्याला धोरणाबद्दल जाब विचारता येतो, आमच्या गट नंबरबद्दल कोणता आमदार प्रश्न विचारणार? आयुक्तांच्या वर एक न्यायिक आणि एक महसुली सदस्य असलेले पीठ छत्रपती संभाजीनगरलाच बसावे, मंत्र्यांचे पुनरीक्षण बंद व्हावे आणि रिकामी जागा भरण्याची मुदत कायद्यातच लिहिलेली असावी. वडील आता 74 वर्षांचे आहेत आणि पुढच्या तारखेला कागदांचा तो बस्ता घेऊन मी जाणार आहे.