आजी-आजोबांसाठी घरात बसून खेळायचे खेळ सुचवा (बालवाडीतले नकोत!)

दुपारची_सून:
नमस्कार मंडळी. सासरे ८३, सासूबाई ७९ आणि रोज दुपारी शेजारच्या दोन काकू येऊन बसतात, म्हणजे चार डोकी आणि चौघांचंही काही ना काही दुखणं आहेच. सासऱ्यांचा गुडघा बदललाय, सासूबाईंना एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, एका काकूंना कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या काकू त्यांची उत्तरं त्यांच्या आधी देऊन टाकतात (हा आजार नाही पण त्रास आहेच). टीव्ही दिवसभर चालू, बघत कोणीच नसतं. मी हौसेने एक फुगा फुगवून दिला, म्हटलं बसल्या बसल्या एकमेकांकडे टोलवा, आणि कोणी टोलवला की मी टाळ्या वाजवून "छाऽऽन!" म्हणत होते. सासऱ्यांनी फुगा धरला, मांडीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, मी काय बालवाडीत आहे का?" झालं, खेळ संपला. तर घरातल्याच वस्तूंतून करता येईल असं काही सुचवा ना, विकतचे सेट नकोत, एकदा खेळून माळ्यावर जातात.

शनिवारवाली:
अगं फुगा बिचारा निर्दोष आहे, घोळ तुझ्या टाळ्यांनी केलाय 😄 मी बरीच वर्षं दर शनिवारी एका वृद्धाश्रमात खेळ घ्यायला जाते, पहिले दोन महिने मीही हेच करायचे आणि सगळे माझ्यावर उपकार केल्यासारखे खेळायचे. मग एक दिवस दोन खुर्च्यांमध्ये सुतळी बांधली, दोन टीम केल्या आणि फळ्यावर स्कोअर लिहायला लागले, फुगा तोच आणि माणसंही तीच, पण दहाव्या मिनिटाला "सुतळीला लागला, पॉइंट नाही!" म्हणून भांडण सुरू. फुगा हळू खाली येतो त्यामुळे ज्यांचे हात उशिरा उठतात त्यांनाही वेळ मिळतो, म्हणून तो टाकून देऊ नकोस, फक्त हातात वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी दे, हाताने टोलवायला काहींना लाजल्यासारखं होतं.

पण तुझ्या चौघांसाठी मी टेबलावरची घसरगुंडी सांगेन. लांब टेबल घ्यायचं, पलीकडच्या टोकाला रंगीत चिकटपट्टीने तीन पट्टे आखायचे, जवळचा १ गुणाचा, मधला २ चा, अगदी काठाजवळचा ५ चा. बाटल्यांची बुचं, प्रत्येकाला चार, एकेका रंगाची. टिचकी मारून किंवा तळहाताने ढकलून सरकवायची, टेबलावरून पडलं की शून्य. दुसऱ्याचं बूच ठोकून खाली पाडायला परवानगी, आणि खरी मजा त्यातच आहे. आमच्याकडे एक आजोबा दर वेळी बूच शर्टाला घासून, फुंकर मारून, एक डोळा मिटून मग टिचकी मारतात, एरवी कोणाशी दोन शब्द बोलत नाहीत पण शेजाऱ्याचं बूच पडलं की "जा घरी!" असं ओरडतात.

खुर्चीवरचा_व्यायाम:
मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून आधी रटाळ भाग. खुर्ची हातांची आणि जड हवी, प्लॅस्टिकची हलकी नको आणि चाकांची तर अजिबात नको, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. फेकायच्या नादात माणूस अर्धवट उठतो आणि तिथेच पडतो. जमिनीवर चेंडू, बुचं, सुतळी असं काही राहू द्यायचं नाही, पडलेली वस्तू तुम्ही उचलायची. गुडघेवाल्या काकांना वाकायला लावणारं काही नको, म्हणून बाटल्यांची बोलिंग करायची तर टेबलावर करा. अर्ध्या लिटरच्या सहा रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीत दोन बोटं पाणी (नाहीतर पंख्यानेच पडतात), बूच घट्ट, आणि चेंडू म्हणजे जुन्या मोज्यांची गुंडाळी. मोजा उसळत नाही आणि लागलाच तर दुखत नाही.

सासूबाईंचं मात्र वेगळं आहे. एकाच डोळ्याने बघताना अंतराचा अंदाज नीट येत नाही, त्यामुळे रिंग फेकणे, टोपलीत चेंडू टाकणे यात त्या सारख्या हरतील आणि "मला नाही येत" म्हणून बाजूला बसतील. वर सांगितलेला सरकवायचा खेळ त्यांच्यासाठी बराच बरा. रंगही बघून निवडा, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा-हिरवा यात गोंधळ व्हायला लागतो, म्हणून एका टीमला निळी आणि दुसरीला हिरवी बुचं दिलीत तर अर्धा वेळ "हे कोणाचं?" मध्येच जाईल. लाल आणि पांढरी द्या, खाली गडद कापड नाहीतर कागद. आणि वीस-पंचवीस मिनिटं झाली की थांबा, खांदे दुसऱ्या दिवशी बोलतात. ऑपरेशन अलीकडचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पत्ते_पिसणारा:
पत्ते कोणीच कसे सुचवले नाहीत?? हात थरथरत असतील तर तेरा पानं धरणं अवघड जातं हे खरं, त्यावर आमच्या घरचा उपाय म्हणजे कपडे घासायचा ब्रश, उलटा ठेवायचा आणि पानं त्याच्या केसांत खोचायची, मस्त उभी राहतात. पानांवरचे आकडे लहान वाटले तर जाड पुठ्ठ्यावर मार्करने मोठे आकडे काढून स्वतःच कॅट करायचा, एक दुपार त्यातच जाते. डॉमिनोही पुठ्ठ्याचा होतो, २८ तुकडे, शून्यापासून सहापर्यंतच्या सगळ्या जोड्या.

आणि हाउझी! नेहमीच्या तिकिटात २७ चौकोन आणि १५ आकडे असतात, ते बारीक दिसतं, म्हणून आम्ही आख्ख्या कागदावर नऊच मोठे चौकोन काढतो आणि आकडेही ९० ऐवजी ४० पर्यंतच घेतो, लवकर संपतो आणि परत खेळता येतो. तुमच्या त्या सगळ्यांची उत्तरं देणाऱ्या काकू आहेत ना, त्यांनाच आकडे पुकारायला बसवा!! तोंडाला काम मिळालं की बाकीचे सुटले. फक्त प्रत्येक आकड्याची मोठी चिठ्ठी करून ती वर धरून दाखवायला सांगा, म्हणजे दुसऱ्या काकूंना ऐकू आलं नाही तरी अडत नाही.

खुर्चीवरचा_व्यायाम:
^^ हे बेस्ट आहे. आणि ओरडून पुकारू नका म्हणावं, उतारवयात बहुतेकांचं चिरक्या पट्टीतलं ऐकणं आधी जातं, ओरडलं की आवाज अजून चिरका होतो. खालच्या पट्टीत, सावकाश, समोर बघून.

मागच्या_बाकावरून:
बाबांना स्मृतिभ्रंश आहे म्हणून आमचा अनुभव थोडा वेगळा. "ट्रेमधल्या दहा वस्तू बघा, झाकल्यावर सांगा" वाला खेळ सगळे सुचवतात, आम्ही एकदा खेळलो आणि बाबा रडवेले झाले, ती त्यांच्यासाठी परीक्षाच होती. मग म्हणी सापडल्या. मी अर्धी म्हणायची, ते पुरी करतात. थोड्या वेळापूर्वी जेवलोय हे आठवत नाही, पण "आयत्या बिळावर" म्हटलं की "नागोबा" हे माझं वाक्य संपायच्या आत येतं, आणि मान अशी ताठ होते की बस. चुकले तरी सुधारत नाही, एकदा "नाचता येईना" ला "बायको वाकडी" म्हणाले आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती, मला आजपर्यंत कळलेलं नाही की विसरले होते की मुद्दाम.

एक चूकही सांगते. बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायला द्यायचो, रात्री मी ती परत एकत्र करून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे काल केलं होतं ना मी?" फार वाईट वाटलं. आता डब्यातले स्क्रू आणि खिळे वेगळे करतात, ते खरोखर लागतात म्हणून. त्यांना तोंडात घालायची सवय नाही म्हणून देते, आणि समोर बसून राहते. तशी सवय असेल तर बारीक काहीच देऊ नका.

स्पष्टच_सांगतो:
आधी त्यांना विचारलंत का खेळायचंय की नाही? माझ्या आईला खेळ म्हटलं की राग येतो, तिला खिडकीत बसायचं असतं. बसू द्या ना.

शनिवारवाली:
बरोबर आहे, पण खिडकीत बसलेल्यांना अंपायर करून बघा एकदा. खेळत नाहीत म्हणतात आणि निकाल मात्र सगळ्यात कडक देतात.

दुपारची_सून:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, दोन आठवड्यांनी लिहितेय. घसरगुंडी जोरात चालू आहे. मी पट्टे आखायला बसले तर सासरे म्हणाले "तिरके आखतेस, आण इकडे", आणि फुटपट्टी घेऊन तासभर त्यांनीच आखले, मग कागदावर सात नियम लिहून भिंतीला लावले. सासूबाई पहिल्या दिवशी नको नको म्हणत होत्या, काल त्यांनी सासऱ्यांची तीन बुचं एका टिचकीत पाडली आणि सासरे रात्री जेवताना गप्प होते. हाउझी रविवारी, पुकारणाऱ्या काकू आता उत्तरं देत नाहीत, फक्त आकडे देतात. सातवा नियम आहे: "सूनबाईंनी टाळ्या वाजवू नयेत."

आता नवीन प्रश्न, टेबलावर चिकटपट्टीचा चिकट डाग राहिलाय, तो कसा काढू?

पत्ते_पिसणारा:
खायचं तेल लावा, दहा मिनिटं ठेवा, मऊ फडक्याने पुसा. पुढच्या वेळी पट्टी टेबलावर नको, गुळगुळीत पुठ्ठ्यावर लावा आणि पुठ्ठा टेबलावर ठेवा.

दुपारची_सून:
पुठ्ठ्यावर बूच नीट घसरत नाही असं सासऱ्यांचं म्हणणं आहे. नियम क्रमांक आठ होईल बहुतेक.