कणकुंबी भागात आईला झेपेल असं साधं घर हवंय

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत घरचे आणि दोन मित्रांची कुटुंबं, मिळून १४ जण, बेळगावहून जांबोटी-कणकुंबीकडे राहायला जायचं म्हणतोय. स्विमिंग पूल, डीजे काही नको. सारवलेलं अंगण, चुलीवरची भाकरी, रात्री शेकोटी, एवढं पुरे.

अडचण आईची आहे. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, म्हणून कमोड हवाच आणि खोलीपर्यंत पायऱ्या नकोत. मागच्या सहलीत बिचारी दोन दिवस पाणीच कमी प्यायली. आम्हाला घरी आल्यावर कळलं. फार वाईट वाटलं.

कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम तिला दाखवायचाच आहे. असं घर कुणी स्वतः राहून पाहिलंय का?