टूल शून्य त्रुटी दाखवते. तेवढ्यावर अहवालात सगळीकडे ‘सपोर्ट्स’ लिहावे का?

प्रश्न — मदतपुस्तिकाकार, हिंजवडी

नमस्कार. मी हिंजवडीतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मदतपुस्तिका लिहिण्याचे काम करते. साठ्याची नोंद ठेवणारी वेब-प्रणाली हे आमचे उत्पादन आहे. चाकणच्या काही कारखान्यांची भांडारे ती मराठीतून वापरतात, आणि अमेरिकेतील एक सरकारी विद्यापीठ प्रयोगशाळांच्या साहित्यासाठी ती इंग्रजीतून घेण्याच्या विचारात आहे. त्या विद्यापीठाने खरेदीपूर्वी ॲक्सेसिबिलिटी अहवाल, म्हणजे दिव्यांगांनाही उत्पादन वापरता येते का (सुगम्यता) याचा अहवाल, व्हीपॅट या ठरावीक नमुन्यात भरून मागितला आहे, आणि ‘लिहायचे आहे ना, मग तिच्याकडे द्या’ या न्यायाने तो माझ्या टेबलावर आला आहे.

आमच्या डेव्हलपरांनी ॲक्स आणि लाइटहाऊस ही असे दोष आपोआप शोधणारी दोन्ही टूल चालवली. ॲक्सने एकही त्रुटी दाखवली नाही आणि लाइटहाऊसने १०० पैकी १०० गुण दिले. तेव्हा प्रत्येक निकषापुढे ‘सपोर्ट्स’ (निकष पाळला जातो) असे लिहून शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवावा, असे आमच्या प्रकल्पप्रमुखांचे म्हणणे आहे. मात्र परवा मी माऊस बाजूला ठेवून ‘नवी आवक’ हा अर्ज भरून पाहिला, तेव्हा पुरवठादारांच्या यादीत टॅबने शिरता आले, पण कोणतीही कळ दाबली तरी तिच्यातून बाहेर पडता येईना. शेवटी पान पुन्हा लोड करावे लागले आणि भरलेली सगळी माहिती गेली. टूलने हे का सांगितले नाही? आणि मी लिहिलेल्या मदतपुस्तिका या अहवालात मोडतात का, की तपासणी केवळ प्रणालीच्या पानांची करायची असते? आमची इंग्रजी पुस्तिका वेबवर आहे. मराठी पुस्तिका पीडीएफ स्वरूपात असून ती काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतील एका डीटीपी व्यावसायिकाकडून मांडून घेतली होती.

उत्तर — बाणेरचा परीक्षक

आपण माऊस बाजूला ठेवून जे दहा मिनिटांत शोधले, ते या अहवालातील सर्वांत गंभीर नोंद ठरेल. कीबोर्डने आत जाता यावे पण बाहेर येता येऊ नये, या दोषाला कीबोर्ड ट्रॅप म्हणतात. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषावलीत त्याचा निकष २.१.२ असून त्याची पातळी ए, म्हणजे ए, एए आणि एएए या तिन्हींत अगदी प्राथमिक आहे. त्यातही हा निकष अशा चार निकषांपैकी एक आहे, ज्यांचा भंग पानाच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यात झाला तरी संपूर्ण पान अनुरूप (निकषांत बसणारे) धरले जात नाही. कारण तिथे अडकलेला माणूस पानाच्या उरलेल्या भागापर्यंत पोहोचतच नाही.

टूलला हे दिसले नाही, याचे कारण ते पानाची रचना वाचते, पान वापरून पाहत नाही. चित्राला पर्यायी मजकूर दिला आहे एवढे त्याला कळते. तो मजकूर नुसता ‘इमेज १’ असला तरी त्याची तक्रार नसते. रंगांचा काँट्रास्ट ते उत्तम मोजते (साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १), पण मजकूर छायाचित्रावर असेल तर तो निर्णय ते माणसावर सोपवते. दोन टूलांनी एकमेकांना दुजोरा दिला असेही समजू नये, कारण लाइटहाऊसच्या ॲक्सेसिबिलिटी चाचण्या मुळात ॲक्सच्याच इंजिनावर चालतात. एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा नोंदवण्यासारखे ते आहे. आपल्या डेव्हलपरांचे श्रेय मात्र कमी लेखू नये. वेबएम या संस्थेने २०२५ मध्ये तपासलेल्या दहा लाख मुख्यपृष्ठांपैकी ९४.८ टक्के पृष्ठांवर यंत्रालाही सापडतील असे दोष होते, त्या मानाने शून्य त्रुटी ही चांगली सुरुवात आहे.

आता डब्ल्यूसीएजीच्या कोणत्या आवृत्तीनुसार तपासायचे ते आधी विद्यापीठाला विचारून घ्यावे. सेक्शन ५०८ हा कायदा अमेरिकेच्या संघीय संस्थांना लागू असून तो डब्ल्यूसीएजी २.० वर आधारलेला आहे. राज्य आणि स्थानिक शासनाच्या संस्थांसाठी, ज्यांत सरकारी विद्यापीठेही येतात, एप्रिल २०२४ मध्ये निघालेल्या नियमाने २.१ ची एए पातळी ठरवली आहे. २.० मध्ये ए आणि एए मिळून ३८ निकष होते, २.१ मध्ये ते ५० झाले आणि ऑक्टोबर २०२३ च्या २.२ मध्ये ५५ आहेत. माझ्या मते आपण थेट २.२ नुसार तपासावे, कारण ४.१.१ हा एक निकष वगळला तर २.१ चे सगळे निकष त्यात आहेतच.

तपासणी पानांच्या यादीने करण्यापेक्षा कामाच्या ओघाने करावी. लॉगिन करणे, आवक नोंदवणे, शोध घेणे, अहवाल उतरवून घेणे, अशी चार-पाच कामे आरंभापासून शेवटपर्यंत केवळ कीबोर्डने करून पाहावीत. एखादे काम अनेक पानांवर पसरलेले असेल आणि त्यातील एक पान निकषात बसत नसेल, तर त्या कामातील कोणतेच पान अनुरूप मानता येत नाही, हा डब्ल्यूसीएजीचाच नियम आहे. आपली पुरवठादारांची एक यादी ‘नवी आवक’चे सगळे टप्पे खाली ओढते, ती अशी. त्यानंतर १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत ४०० टक्के झूम करून आडवे सरकवावे लागते का ते पाहावे. आपल्या प्रणालीतील साठ्याच्या तक्त्यांना मात्र त्यातून सूट आहे, कारण तक्त्याला दोन्ही दिशा लागतातच. शेवटी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) बसवून तीच कामे पुन्हा करावीत. त्यात स्पीच व्ह्यूअर नावाची खिडकी असते. आवाजाची सवय नसलेल्या परीक्षकाला बोललेला मजकूर तिच्यात वाचता येतो. अर्ज चुकला की चुकीची सूचना लाल अक्षरांत दिसते, पण ती ऐकू येते का, हे याच टप्प्यावर समजते.

मदतपुस्तिकांबद्दल म्हणाल तर त्या निश्चितपणे अहवालात मोडतात. सेक्शन ५०८ च्या सहाव्या प्रकरणात आणि युरोपच्या ईएन ३०१ ५४९ या मानकाच्या बाराव्या प्रकरणात दस्तऐवजांविषयी स्वतंत्र कलमे आहेत, आणि ती दोन गोष्टी मागतात. पुस्तिका स्वतः सुगम्य असावी, हे सहसा लोकांच्या लक्षात येते. दुसरी मागणी अशी की उत्पादनात ज्या सोयी आहेत, उदाहरणार्थ कीबोर्डचे शॉर्टकट किंवा गडद रंगसंगती, त्या कशा वापरायच्या हे पुस्तिकेत लिहिलेले असावे; हिचा बहुतेकांना विसर पडतो. आपण स्वतः लेखिका आहात, तेव्हा ही दुरुस्ती तरी कोणत्याही डेव्हलपरची वाट न पाहता होईल.

उत्तर — झटपट उपाय

एवढा खटाटोप करण्याऐवजी पानात एका ओळीचा कोड टाकून ॲक्सेसिबिलिटी विजेट लावावे, असे मी सुचवेन. कोपऱ्यात चिन्ह येते, अक्षरे मोठी होतात, रंग बदलतात. आमच्या ग्राहकाने नंतर काहीही विचारले नाही.

उत्तर — बाणेरचा परीक्षक

ग्राहकाने विचारले नाही, हा पुरावा होऊ शकत नाही. अशा विजेटने कोणतीही वेबसाइट डब्ल्यूसीएजीला अनुरूप होते, असा दावा करणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या २०२५ मधील आदेशानुसार दहा लाख डॉलर भरावे लागले. पुरवठादारांच्या यादीतून बाहेर पडण्याची वाट यादीच्याच कोडमध्ये दुरुस्त करावी लागेल. अक्षरे मोठी करून ती सापडणार नाही.

उत्तर — कानाने वाचणारा, कोरेगाव पार्क

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि कार्यालयीन कामासाठी रोज एनव्हीडीए वापरतो. वरील उत्तराशी मी सहमत आहे. पण मराठी पुस्तिकेचा विषय त्यात राहून गेला, आणि मला तो अधिक जिव्हाळ्याचा वाटतो.

आपली पीडीएफ उघडा, एक परिच्छेद निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी आली, तर ती पुस्तिका युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धती रूढ होण्याआधीच्या, फाँटात मांडलेली आहे. अशा फाँटात ‘साठा’ हा शब्द डोळ्यांना साठाच दिसतो, पण फाइलमध्ये त्या जागी रोमन अक्षरांचे संकेतांक असतात, आणि माझ्या कानांवर तेच पडतात. पुण्यातील डीटीपीच्या दुकानांत अनेक वर्षे असेच काम झाले, त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. छपाईसाठी ते निर्दोष होते. एकदा एका संस्थेने मला नियमावली ‘डिजिटल स्वरूपात’ पाठवली, चाळीस पानांची, आणि तिच्यातून मला समजले ते केवळ पृष्ठक्रमांक. ते आकडे इंग्रजीत होते म्हणून.

पेस्ट केल्यावर देवनागरी आली तरी लगेच निर्धास्त होऊ नये. पीडीएफमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवली गेली की पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येऊन बसते, रफार भलत्याच अक्षराला चिकटतो आणि जोडाक्षरे फुटतात. म्हणून ‘निर्यात’, ‘विक्री’, ‘स्थिती’ यांसारखे शब्द मुद्दाम निवडून ही कॉपी-पेस्टची चाचणी करावी. शिवाय वर्डमधून ‘प्रिंट टू पीडीएफ’ केले की शीर्षके, याद्या आणि तक्ते ओळखू येण्यासाठीच्या खुणा, म्हणजे टॅग, निघून जातात. ‘सेव्ह ॲज’ करताना रचनेच्या टॅगचा पर्याय चालू ठेवला तर ते टिकतात. तरीही माझा आग्रह विचाराल तर मराठी पुस्तिकाही वेबपानांवरच न्यावी आणि पीडीएफ केवळ छापण्यापुरती ठेवावी.

वेबवर नेल्यावर पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करावी आणि मध्येच येणाऱ्या इंग्रजी परिच्छेदांची भाषा वेगळी नोंदवावी, हे ३.१.१ आणि ३.१.२ हे निकष होत. भाषा इंग्रजीच राहिली, तर आवाज मराठी मजकूर कसा उच्चारेल याचा भरवसा नसतो. कधी तो अक्षरे सुटी करून सांगत बसतो, कधी मजकूर सरळ गाळतो.

पुस्तिकेच्या मजकुराविषयी एक विनंती करतो. ‘उजवीकडच्या हिरव्या बटणावर क्लिक करा’ हे वाक्य मला काहीच सांगत नाही. ‘उजवीकडचे हिरवे “जतन करा” बटण’ असे लिहिले तर माझे आणि डोळस वाचकाचे, दोघांचेही काम होते. ‘येथे क्लिक करा’ या दुव्यांचेही तसेच. मी दुव्यांची यादी उघडतो तेव्हा ‘येथे’, ‘येथे’, ‘येथे’ असे सतरा वेळा ऐकतो. आणि कृतीच्या पायऱ्या स्क्रीनशॉटवर बाण काढून दाखवल्या असतील, तर त्याच पायऱ्या मजकुरातही असाव्यात.

उत्तर — वाचनमात्र

एक छोटी पुरवणी. १.४.१२ या निकषासाठी ओळींतील आणि अक्षरांतील अंतर वाढवून पाहतात, तेव्हा देवनागरीची शिरोरेखा तुटते. हा आपल्या पानाचा दोष नव्हे. ज्या लिपीत जो गुणधर्म वापरला जात नाही तो तिला लावू नये, अशी सवलत त्या निकषातच आहे. ओळींतील अंतर मात्र जरूर तपासावे, कारण ठरावीक उंचीच्या बटणांत वरची मात्रा आणि खालचा उकार हमखास कापला जातो.

आणि कारखान्यांनी मागितले नाही म्हणून मराठी बाजू सोडून देता येईल, असे कोणाला वाटत असेल तर भारतातही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे आणि आयएस १७८०२ हे ॲक्सेसिबिलिटीचे मानक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी जोडली आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर — मदतपुस्तिकाकार, हिंजवडी

सर्वांची मी आभारी आहे. कॉपी-पेस्ट करून पाहिले. ‘साठा’ च्या जागी खरोखरच खिचडी आली. इंग्रजी पुस्तिकेत ‘येथे क्लिक करा’ अर्थाचे दुवे मोजले तर ते एकतीस निघाले, आणि ते सगळे मीच लिहिलेले आहेत.

प्रकल्पप्रमुखांना मी समोर बसवून पुरवठादारांच्या यादीतून कीबोर्डने बाहेर पडून दाखवण्याची विनंती केली. त्यांनी तीन वेळा प्रयत्न केला आणि शुक्रवारची मुदत दोन आठवडे पुढे ढकलली. आता २.१.२ समोर मी ‘डझ नॉट सपोर्ट’ असे लिहिले आहे आणि शेरा असा दिला आहे: ‘नवी आवक या अर्जातील पुरवठादार निवडण्याच्या यादीतून कीबोर्डने बाहेर पडता येत नाही. दुरुस्ती पुढील आवृत्तीत होईल.’ हे योग्य आहे का? विक्री विभागाचा आग्रह ‘पार्शली सपोर्ट्स’ असे लिहिण्याचा आहे. काही निकष तपासायचे राहिले तर तिथे ‘नॉट इव्हॅल्युएटेड’ लिहिता येईल का, हेही सांगावे.

उत्तर — बाणेरचा परीक्षक

‘नॉट इव्हॅल्युएटेड’ केवळ एएए पातळीच्या निकषांपुढे लिहिता येते. ए आणि एए तपासावेच लागतील. ‘पार्शली सपोर्ट्स’ म्हणजे उत्पादनाचा काही भाग निकष पाळत नाही. आपल्या इतर सर्व अर्जांतील याद्यांतून बाहेर पडता येत असेल, तर विक्री विभागाचा शब्द चुकीचा नाही. मात्र ते प्रत्येक यादी तपासून ठरवावे. तोच घटक सगळीकडे वापरला असेल, तर आपला शब्द बरोबर आहे. कोणताही शब्द ठेवला तरी शेऱ्यातील पहिले वाक्य जसेच्या तसे राहू द्यावे, कारण खरेदी करणारा तेच वाचतो. दुसऱ्या वाक्यात आवृत्तीचा क्रमांक घालावा, किंवा डेव्हलपरांनी तो दिला नसेल तर ते वाक्य काढावे. अहवालाच्या सुरुवातीला तपासणीच्या पद्धतीचा रकाना असतो. तिथे एनव्हीडीएची आणि ब्राउझरची आवृत्ती, तसेच कोणती कामे कीबोर्डने करून पाहिली, हे लिहावे. मदतपुस्तिकांची उत्तरे त्याच तक्त्यात ‘इलेक्ट्रॉनिक डॉक्स’ या नावाखाली वेगळी द्यावीत. ते एकतीस दुवे दोन आठवड्यांत बदलले, तर दुवा कुठे नेतो ते स्पष्ट असावे या २.४.४ निकषापुढे तरी काही कबूल करावे लागणार नाही.