मदत हवी आहे: पॅरिस शार्ल द गोल विमानतळावरून गार द लियों स्टेशन, सामान आणि आईसह

मृण्मयी_प

मे महिन्यात आम्ही तिघं, म्हणजे दोन मोठी माणसं आणि ६८ वर्षांची आई, मुंबईहून पॅरिसला सकाळी सातला उतरतोय. टर्मिनल २ई. तिथून त्याच दिवशी जिनिव्हाला जाणारी लिरिया गाडी गार द लियोंहून पकडायची आहे. गाडीचं तिकीट अजून काढलेलं नाही. तीन मोठ्या बॅगा आणि दोन पाठीवरच्या सॅक. आई चालते, पण जिने चढताना गुडघा दुखतो.

प्रश्न असे: विमानतळाला स्वतःचं टीजीव्ही (फ्रान्सची अतिजलद गाडी) स्टेशन आहे म्हणतात, मग गाडी तिथूनच मिळणार नाही का? नाहीच मिळाली तर सार्वजनिक वाहतुकीने गार द लियों गाठायचा सोपा मार्ग कोणता? सकाळी साडेदहाच्या आसपासची गाडी धरावी की दुपारची? एका जुन्या लेखात विमानतळ ते गार द लियों थेट बस असल्याचं वाचलं, ती चालू आहे का?

रूळवाट

आधी टीजीव्ही स्टेशनबद्दल. टर्मिनल २ च्या मधोमध, एका बाजूला २सी-२डी आणि दुसऱ्या बाजूला २ई-२एफ, असं ते स्टेशन आहे. तिथून लियों, मार्से, लील, स्ट्रासबूर अशा गाड्या थेट सुटतात. जिनिव्हाची लिरिया मात्र पॅरिस शहरातल्या गार द लियोंहून सुटते. तरीही तिकीट काढलेलं नाही म्हणता, तर एक पर्याय बघून ठेवा: विमानतळावरून लियों पार-द्यू स्टेशनपर्यंत टीजीव्ही, साधारण दोन तास, आणि तिथून जिनिव्हाची प्रादेशिक गाडी, आणखी साधारण दोन तास. वेळ थोडा जास्त लागतो, पण बॅगा घेऊन पॅरिस ओलांडावं लागत नाही. वेळा जुळत असतील तर आईसाठी मी हाच धरेन. वेळा नीट बघा, कारण विमानतळावरून लियोंला जाणाऱ्या गाड्या शहरातल्याइतक्या वारंवार नाहीत.

नावाचा घोळही आत्ताच मिटवून टाका. गार द लियों हे पॅरिसमधलं स्टेशन आहे, लियों शहरातलं नाही. तिकीट शोधताना यादीतून 'पॅरिस गार द लियों' निवडलंय ना, हे दोनदा बघा. जवळच पॅरिस बेर्सी नावाचं वेगळं स्टेशन आहे, तेही यादीत येतं.

आता शहरातून जायचं असेल तर. २ई मधून सामान घेऊन बाहेर आलात की गाडीचं चित्र असलेल्या पाट्यांमागे चालत राहा, दहा मिनिटांच्या आत त्याच स्टेशनावर पोहोचाल. तिथून आरईआर बी पकडायची. ही शहराखालून जाणारी उपनगरी गाडी, नकाशावर निळी. टर्मिनल २ हे तिचं पहिलंच स्टेशन आहे, गाडी रिकामी लागते आणि बसायला जागा मिळते. बहुतेक वेळी दर १० ते १५ मिनिटांनी गाडी असते, शहरातल्या गार द्यू नॉर या मोठ्या स्टेशनापर्यंत साधारण अर्धा तास. काही गाड्या मधे न थांबता थेट गार द्यू नॉरला जातात, काही सगळीकडे थांबतात. फलाटावरच्या फलकावर प्रत्येक गाडी कुठं कुठं थांबणार ती नावं दिसतात. 'थांबे कमी असलेली' गाडी पुढच्या दहा मिनिटांत असेल तर तिच्यासाठी थांबा, नाहीतर समोर उभी असेल तीच घ्या.

बी गाडी गार द लियोंला जात नाही. एकदा बदलावं लागतं, आणि ते कुठं बदलायचं यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं: गार द्यू नॉरच्या पुढच्या स्टेशनावर, म्हणजे शातले – ले आलला, उतरून आरईआर ए (लाल) घ्या. दिशा मार्न-ला-व्हाले किंवा ब्वासी-सां-लेजे, आणि पुढचंच स्टेशन गार द लियों. 'ए' गाड्या गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांनी येतात, चुकली तरी बिघडत नाही.

दक्षिणद्वार

सामान आणि गुडघा असेल तर शातले नको, गार द्यू नॉरलाच बदला. तिथं दक्षिणेकडे जाणाऱ्या बी आणि डी (हिरवी) गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात. बीमधून उतरायचं, फलाट ओलांडायचा, डीमध्ये चढायचं. जिना नाही, लिफ्ट शोधणं नाही. डीचं पहिलं स्टेशन शातले, दुसरं गार द लियों. शातले – ले आल हे प्रचंड मोठं स्टेशन आहे, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण लिफ्ट कोपऱ्यात असतात आणि गर्दीत मोठ्या बॅगा घेऊन तिथवर जायचं म्हणजे वेळ मोडतो.

डीची एक अडचण सांगून ठेवतो. गार द्यू नॉर ते शातले या बोगद्यात बी आणि डी या दोन्ही लाईनी एकाच रुळजोडीवरून धावतात. एकीला उशीर झाला की दुसरीही अडकते. म्हणून डी फलकावर आठ-दहा मिनिटांवर असेल तर थांबा, 'रद्द' (फ्रेंचमध्ये 'स्युप्रिमे') दिसली किंवा पंधरा-वीस मिनिटं दाखवली तर परत बीमध्ये चढा आणि शातलेला ए घ्या. बोगदाच बंद पडला तर गार द्यू नॉरहून मेट्रो ५, दिशा प्लास दितालि, बास्तीयपर्यंत, आणि तिथून मेट्रो १, दिशा शातो द व्हँसेन. पुढचंच स्टेशन गार द लियों. यात मात्र जिने आहेत, तेव्हा हा शेवटचा मार्ग.

मृण्मयी_प

गार द्यू नॉरला बदलायचं कळलं, आभार. तिकीट कसं काढायचं? लंडनसारखं बँकेचं कार्ड टेकवून चालतं का?

रूळवाट

नाही, पॅरिसच्या मेट्रो-आरईआरच्या गेटला बँकेचं कार्ड थेट टेकवता येत नाही. २ जानेवारी २०२५ पासून विमानतळासाठी सरसकट एकच तिकीट आहे, त्या वर्षी ते १३ युरो होतं. भाव दर जानेवारीत बदलतात, म्हणून निघायच्या आधी ताजा आकडा बघा. त्याच तिकिटात पुढचं आरईआर किंवा मेट्रोचं बदलणंही येतं, वेगळं काही काढायचं नाही. शहरातलं साधं मेट्रो तिकीट मात्र विमानतळाच्या मार्गावर चालत नाही. ते घेऊन गेट उघडलं तरी तपासनीस आल्यावर दंड होतो.

तिकीट भरायला नाव्हिगो ईझी नावाचं कार्ड मिळतं, रिकाम्या कार्डाचे २ युरो. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. तिघांसाठी एकच कार्ड तीनदा टेकवायचं, असं होत नाही, हे खूपजणांना गेटपाशी गेल्यावर कळतं. फोनमध्येही भरता येतं, इल-द-फ्रांस मोबिलिते या अ‍ॅपमधून, पण तिघांचे तीन फोन चार्ज असायला हवेत.

यंत्रापाशी रांग लागते, विशेषतः सकाळच्या आंतरखंडीय विमानांनंतर. कार्डाचा पिन पाठ असू द्या, परदेशी व्यवहार बँकेत आधीच चालू करून घ्या. नुसतं रुपे कार्ड नेऊ नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठेवा. सगळी यंत्रं नोटा घेत नाहीत.

गेटला कार्ड टेकवल्यावर हिरवा दिवा आला की आत जा. सामान असेल तेव्हा नेहमीचं अरुंद गेट सोडा, बाजूला रुंद गेट असतं, तिथून जा. पुढे आईला, मग बॅगा, शेवटी तुम्ही. अनोळखी माणूस पाठीला चिकटून तुमच्या मागोमाग आत घुसायला बघतो, तेव्हा बॅग मधे धरा. आणि कार्ड खिशात खोल टाकू नका, गार द लियोंला बाहेर पडतानाही ते टेकवावं लागतं.

घड्याळकाटा

वेळेचं गणित मी मांडतो, कारण गाडी मिळते की चुकते ते याच्यावरच ठरतं. सातला विमान टेकलं म्हणजे सातला तुम्ही बाहेर नाही. २ई च्या के, एल आणि एम या तीन इमारती आहेत. एल किंवा एमला विमान लागलं तर आतल्या छोट्या गाडीने मुख्य इमारतीत यावं लागतं. साडेसात. मग पासपोर्ट तपासणी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनची (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांची) नवी प्रवेश नोंदणी सुरू झाली आहे, त्यात पहिल्यांदा येणाऱ्या बिगर-युरोपीय प्रवाशाच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. भारतीय पासपोर्टवाल्या तिघांना यात पाऊण तास ते दीड तास धरा. नशीब चांगलं असेल तर वीस मिनिटांतही होतं, पण तिकीट नशिबावर काढू नका. सामान वीस-तीस मिनिटं. म्हणजे नऊ-साडेनऊला तुम्ही टर्मिनलच्या दारात. चालणं आणि तिकीट पंचवीस मिनिटं, गाडीची वाट पंधरा, प्रवास अर्धा तास, बदलणं आणि डी मिळून वीस मिनिटं. साडेदहा-अकराला गार द लियों.

म्हणून साडेदहाची गाडी घेऊ नका. साडेबाराच्या आधीची कुठलीच नको. विमान आणि गाडी ही दोन वेगळी तिकिटं आहेत. विमान उशिरा आलं म्हणून रेल्वे तुम्हाला दुसऱ्या गाडीत बसवायला बांधील नाही. लवकर पोहोचलात तर स्टेशनात बसायला जागा आहे. उशीर झाला तर जागच्या जागी नवीन तिकीट काढावं लागेल, आणि ऐनवेळचं तिकीट महाग असतं. तिकीट घेतानाच बदलण्याचे नियम वाचा, थोडे पैसे जास्त देऊन बदलता येणारं मिळत असेल तर अशा दिवशी ते वसूल होतं.

आईसाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअर सेवा आधीच, निदान ४८ तास, मागून ठेवा. लांबलांब चालणं वाचतं, बऱ्याचदा रांगही वाचते. ती सेवा टर्मिनलपर्यंतच, आरईआरसाठी नाही.

आणि हिशेबाची बाजू. २०२५ च्या दराने तिघांची तिकिटं ३९ युरो आणि कार्डांचे ६. अधिकृत टॅक्सीला विमानतळ ते सीन नदीच्या उजव्या तीरासाठी ठरावीक दर होता ५६ युरो, आणि गार द लियों उजव्या तीरावरच आहे. तिघांमध्ये फरक अकरा युरोंचा पडतो. चौथा माणूस असता तर आरईआरमध्ये काहीच स्वस्ताई उरली नसती. पण सकाळी सात ते दहा विमानतळाकडून शहरात येणारा हमरस्ता तुंबतो, टॅक्सीला दीड तासही लागू शकतो. दर तोच राहतो, वेळ तुमची जाते. टॅक्सी घ्यायचीच असेल तर फक्त पाटी लावलेल्या अधिकृत थांब्यावरून. आगमनाच्या दारात येऊन 'टॅक्सी?' विचारणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

दक्षिणद्वार

थेट बसचा प्रश्न राहिला: ती 'ल ब्यूस दिरेक्त' नावाची खासगी सेवा २०२० मध्येच बंद झाली. जुन्या लेखांत अजूनही तिचे थांबे आणि वेळा सापडतात, त्यावर जाऊ नका. कुणाचं विमान दुसऱ्या विमानतळावर, ओर्लीला, उतरत असेल तर त्यांचं काम सोपं आहे. जून २०२४ पासून मेट्रो १४ ओर्लीपर्यंत जाते आणि ती न बदलता थेट गार द लियोंला येते, सुमारे वीस-पंचवीस मिनिटांत.

तुम्ही शनिवारी-रविवारी येत असाल तर निघायच्या आठवड्याभर आधी आरईआर बीच्या कामांची सूचना बघा. उत्तरेकडच्या भागात दुरुस्तीसाठी रात्री आणि सुटीच्या दिवशी काही टप्पा बंद ठेवतात, त्या जागी बदली बस असते. बदली बसमध्ये तीन मोठ्या बॅगा चढवणं कठीण, त्या दिवशी टॅक्सीच बरी. 'ग्रेव्ह' हा शब्द दिसला तर तो संप.

मृण्मयी_प

साडेबारानंतरची गाडी बघते, आणि लियोंमार्गेही तपासते. गार द लियोंला आरईआरमधून वर आल्यावर फलाट कसा शोधायचा? आणि परतताना याच मार्गाने उलट यायचं का?

रूळवाट

आरईआर जमिनीखाली येते. 'ग्रांद लिन्य', म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्या, या पाटीमागे वर या. स्टेशनात मुख्य दोन हॉल: हॉल १ मधले फलाट अक्षरांचे, हॉल २ मधले आकड्यांचे. लिरिया दोन्हीकडून सुटू शकते, म्हणून हॉल ठरवून बसू नका, मोठ्या फलकाखाली थांबा. फलाट साधारण वीस मिनिटं आधी जाहीर होतो. मग तुमचा डबा क्रमांक बघून त्याच बाजूला चाला, कारण गाडी लांब असते आणि दोन गाड्या जोडलेल्या असल्या तर आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. फलाटाच्या तोंडाशी गेटवर तिकिटाचा कोड दाखवायचा. सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात, आईला घेऊन पंधरा मिनिटं आधी डब्यात असा.

परतताना डी किंवा ए आणि मग बी, क्रम तोच उलटा. पण एक गोष्ट बदलते. उत्तरेकडे ओने नावाच्या स्टेशनानंतर बीचे दोन फाटे होतात, एक विमानतळाकडे, दुसरा मित्री-क्लेकडे. गाडीच्या समोर चार अक्षरी नाव असतं: 'ई' या रोमन अक्षराने सुरू होणारी विमानतळाला जाते, 'आय'ने सुरू होणारी मित्रीला. फलकावर विमानाचं चित्रही असतं. चुकीच्या गाडीत बसलात तर ओनेलाच उतरा आणि मागून येणारी विमानतळाची गाडी घ्या.

खिसेकापू बी लाईनवर आणि गार द्यू नॉरला असतात, आणि ते दारं बंद होता होता हात मारून उतरतात. फोन दारापाशी उभं राहून वापरू नका, पासपोर्टची पिशवी कपड्याच्या आत, आणि बॅगा दाराच्या मोकळ्या जागेत ठेवल्या तर त्यांना टेकूनच बसा.